जाणणं आणि सांगणं : समाजशास्त्र व संज्ञापन एकत्र का शिकायचं?

(कॉलेजमधल्या मुली आणि स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्या यांच्या एकत्रित अभ्यास-शिबिरात केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर.)



आजचा माझा विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल. समाजशास्त्र आणि संज्ञापन हे दोन विषय एकत्र घेऊन पदवी करावी का, आणि केली तर तिचा उपयोग काय, यावर बोला असं मला सांगण्यात आलं. पुढे बसलेल्या मुलींना येत्या काही दिवसांत प्रवेशाचे अर्ज भरायचे आहेत, त्यांच्यासाठी हा प्रश्न सरळच आहे. मागे बसलेल्या कार्यकर्त्यांना मात्र वाटत असेल की हे कॉलेजच्या माहितीपुस्तकाचं काम झालं, आमचा इथे काय संबंध? माझं म्हणणं असं की संबंध आहे आणि चांगला जवळचा आहे. समाजाबद्दल माहिती कोणी गोळा करायची आणि समाजाशी कोणी बोलायचं, हा प्रश्न स्त्री-चळवळीने पहिल्यापासून विचारला आहे. विद्यापीठात तोच प्रश्न विषयांच्या यादीचं रूप घेऊन येतो, एवढंच.

संज्ञापन हा शब्द जड आहे, म्हणून आधी त्याचा अर्थ सांगते. माणसं एकमेकांपर्यंत अर्थ कसा पोचवतात, कशातून पोचवतात, आणि ऐकणारा त्यातून काय घेतो, याचा अभ्यास म्हणजे संज्ञापन. वर्तमानपत्र, रेडिओ, टीव्ही, सिनेमा, जाहिरात, मोबाइल हे सगळं त्यात येतं. आपलं पथनाट्य, भित्तीपत्रक आणि जात्यावरची ओवीही त्यात येते. पत्रकारिता हा त्यातला एक भाग. समाजशास्त्र म्हणजे कुटुंब, जात, वर्ग, धर्म, गाव, शहर यांची रचना कशी चालते, ती कोणाच्या सोयीची असते आणि ती बदलते कशी, याचा अभ्यास.

मी हे दोन्ही विषय शिकले, पण वेगवेगळे. आधी समाजशास्त्राची पदवी घेतली, मग दुसऱ्या इमारतीत जाऊन पत्रकारितेची. समाजशास्त्राच्या वर्गात मी एखाद्या बाईची गोष्ट लिहून नेली की शेरा यायचा, 'ही बातमी झाली, संशोधन नाही.' पत्रकारितेच्या वर्गात त्याच बाईच्या गावातली जमीन कोणाकडे आहे, पाणी कोणाला मिळतं, हे लिहून नेलं की शेरा यायचा, 'हा प्रबंध झाला, बातमी नाही.' ती बाई दोन्हीकडे तीच होती. आज मी तालुक्याच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवते आणि हे दोन शेरे मला अजून आठवतात. कारण ते कोणा एका शिक्षकाच्या स्वभावातून आले नव्हते. विषयांच्या मध्ये जी भिंत आहे, तीच त्यांच्या तोंडून बोलत होती.

भिंत पहिल्यापासून नव्हती

माध्यमांचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तो समाजशास्त्राच्याच घरात, आणि सुरुवातीपासून त्याच्या केंद्रस्थानी बाई होती. अमेरिकेत हर्टा हर्झोग नावाच्या संशोधिकेने १९४१ साली रेडिओवरच्या दुपारच्या मालिका ऐकणाऱ्या शंभर बायकांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. या मालिकांना तेव्हाही शहाणी माणसं हसायची. हर्झोगने बायकांनाच विचारलं की तुम्ही हे का ऐकता. उत्तरं आली ती अशी : रडून मन मोकळं होतं, आपल्या आयुष्यात नाही ते तिथे घडताना दिसतं, आणि घरात कसं वागावं याचा सल्लाही मिळतो. म्हणजे 'बायका मूर्ख म्हणून मालिका पाहतात' या शेऱ्याला ऐंशी वर्षांपूर्वीच उत्तर मिळालेलं आहे. मालिकेत काय दाखवलं हे संज्ञापनाचा विद्यार्थी सांगेल. पण सल्ल्यासाठी त्या बाईला रेडिओकडेच का जावं लागलं, हे सांगायला समाजशास्त्र हवं.

पुढे कोलंबिया विद्यापीठाच्या पॉल लाझर्सफेल्ड आणि एलिहू कॅट्झ यांचा एक गाजलेला ग्रंथ १९५५ साली आला. त्यासाठी इलिनॉय राज्यातल्या डिकॅटूर या मध्यम आकाराच्या शहरातल्या सुमारे ८०० बायकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. किराणा, कपडे, सिनेमा, राजकारण यांबद्दल त्या मत कशा बनवतात, हा विषय. निष्कर्ष असा की माध्यमांचा संदेश थेट मनात उतरत नाही. तो आधी शेजारपाजारच्या, ओळखीतल्या काही माणसांकडे येतो आणि त्यांच्याकडून पुढे जातो. वस्तीत काम करणाऱ्या तुम्हा कार्यकर्त्यांना हे कोणी सांगायला नको. पण या अभ्यासाला पैसा कोणी दिला तेही पाहा. त्यात मोठा वाटा होता मासिकं छापणाऱ्या मॅकफॅडन कंपनीचा. मजूर घरातल्या बायकांमध्ये खपणारी मासिकं ती काढत असे, आणि या बायकाही खरेदीत शब्द टाकतात हे तिला जाहिरातदारांना पटवायचं होतं. बाईचं मत महत्त्वाचं ठरलं, पण गिऱ्हाईक म्हणून.

हा धागा तोडला तो इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या संस्कृती-अभ्यास केंद्राने. १९६४ साली रिचर्ड हॉगार्ट यांनी ते स्थापन केलं. नंतर तिथे आलेल्या स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ साली मांडलं की कार्यक्रम करणारा एक अर्थ भरतो, पण पाहणारा तोच अर्थ काढेल असं नाही. तो अर्थ मान्य करता येतो, त्यात घासाघीस करता येते, किंवा सरळ नाकारता येतो. केंद्रातल्या स्त्रियांनी तिथल्याच पुरुषांशी भांडून आपला अभ्यासगट उभा केला आणि १९७८ साली त्यांचं स्वतंत्र पुस्तक निघालं. किशोरवयीन मुलींची मासिकं आणि गृहिणींचा रेडिओ हे विषय अभ्यासाच्या लायकीचे आहेत, हे त्यांनी मान्य करायला लावलं. २००२ साली विद्यापीठाने तो विभाग बंद केला. त्याची कीर्ती जगभर पसरली होती, तरी विद्यापीठाच्या हिशेबात तो टिकला नाही. आपणही ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आपल्याकडचा वारसा

पण आपल्याला इतक्या लांब जायची गरज नाही. सुरतेकडच्या एका तरुण विधवेवर मूल मारल्याचा खटला झाला, त्यावरून वर्तमानपत्रांत बायकांच्या चारित्र्याबद्दल वाटेल ते छापून आलं, आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे चिडून लिहायला बसल्या. १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' प्रसिद्ध झालं. विधवेला पुनर्विवाह नाही, पुरुषाला कितीही लग्नं, आणि दोष मात्र बाईचा, ही रचना त्यांनी उघडी केली. हे समाजशास्त्र झालं. छापणारे कोण, ते काय छापतात आणि काय गाळतात, हेही त्यांनी विचारलं. ही माध्यम-समीक्षा झाली. महाराष्ट्रात या दोन्ही विषयांचा एकही विद्यापीठीय वर्ग भरत नव्हता तेव्हाची ही गोष्ट आहे. ते पुस्तक मग जवळजवळ शतकभर विस्मरणात गेलं आणि स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा वाचकांपुढे आणलं.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली सुरू झाला. इरावती कर्वे तिथेच गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली शिकल्या आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी आयुष्यभर शिकवलं. नातेसंबंधांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ विद्वानांसाठी इंग्रजीत आला आणि 'युगान्त' सगळ्यांसाठी मराठीत. अभ्यास करणारी बाई आणि लोकांशी बोलणारी बाई एकाच देहात राहू शकते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

त्यानंतर टीव्ही आला. १९७५-७६ साली उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत शिक्षणाचे कार्यक्रम दाखवण्याचा प्रयोग झाला. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन हे विषय होते, आणि त्या खेड्यांत जाऊन पाहणी करायला समाजशास्त्राचे, मानवशास्त्राचे अभ्यासक नेमले होते. सरकारला तेव्हाच कळलं होतं की संच बसवला म्हणजे संदेश पोचला असं होत नाही. संच कोणाच्या ओट्यावर आहे, तिथे कोणाला बसता येतं आणि संध्याकाळी चूल सोडून कोणाला येता येतं, यावर सगळं ठरतं.

पुढे पूर्णिमा मंकेकर या मानवशास्त्रज्ञ दिल्लीतल्या निम्न-मध्यमवर्गीय घरांतल्या बायकांबरोबर बसून दूरदर्शन पाहत राहिल्या. १९९९ सालच्या त्यांच्या पुस्तकात 'महाभारत' मालिकेतल्या द्रौपदीच्या वस्त्रहरणाच्या भागाबद्दल लिहिलं आहे. घरातल्या बायकांनी त्या प्रसंगात स्वतःची असुरक्षितता आणि स्वतःचा संताप पाहिला. केवळ मालिका पाहून हे लिहिता आलं नसतं आणि केवळ प्रश्नावली भरूनही नाही. ओळख होऊन शेजारी बसावं लागलं, तेव्हा ते हाती आलं.

एक शब्द किती नुकसान करतो

आता आपल्या कामातलं उदाहरण घेऊ. गर्भलिंगनिदान.

ऐंशीच्या दशकात या तपासणीच्या जाहिराती उघड लागत. आज काही शे रुपये खर्च करा आणि पुढचे लाखो वाचवा, अशा अर्थाच्या. या जाहिरातीत हुंडा हा शब्द घालायची गरजही नव्हती, वाचणाऱ्याला तो आपोआप ऐकू यायचा. ज्याने ती लिहिली त्याला हुंड्याचं समाजशास्त्र चोख माहीत होतं आणि भाषेवरही त्याची हुकमत होती. बाजाराने ही दोन शास्त्रं केव्हाच एकत्र केली. ती वेगळी ठेवण्याचा आग्रह फक्त शिक्षणसंस्थांचा.

मुंबईत स्त्री-संघटना, डॉक्टर आणि विज्ञान-चळवळीतले लोक एकत्र आले. त्यांनी दोन्ही कामं केली. शहरातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी झाली आणि बहुतेक जण ही तपासणी करतात हे पुढे आलं. त्याच वेळी मोर्चे, पोस्टर, पथनाट्य, लेख हेही चालू होतं. आकडा नसता तर सरकार हललं नसतं आणि आवाज नसता तर तो आकडा फायलीत पडून राहिला असता. १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला, १९९४ साली केंद्राचा झाला.

तरीही पुढे काय झालं? महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. मग जागृतीची लाट आली. भिंती रंगल्या, एसटीच्या मागे घोषणा आल्या. त्या घोषणांतलं म्हणणं काय होतं? आई हवी, बहीण हवी, बायको हवी, मग मुलगी वाचवा. म्हणजे मुलगी जगायची ती कोणाची तरी आई, बहीण, बायको होण्यासाठी. ज्या विचाराने तिला नको केलं होतं, त्याच विचाराने तिला वाचवायचं.

दुसरं म्हणजे 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द. वर्तमानपत्रांना तो आवडला, कारण मथळ्यात ठसठशीत दिसतो. पण हत्या म्हटलं की खुनी शोधला जातो. बोट आधी त्या बाईकडे जातं आणि मग प्रत्येक गर्भपाताकडे. गर्भपात १९७१च्या कायद्याने विशिष्ट अटींवर वैध आहे आणि तो अधिकार बायकांना गरजेचा आहे. २०११च्या आकड्यांनंतर कारवाईचा जोर वाढला, तेव्हा आरोग्यक्षेत्रातल्या कार्यकर्त्यांच्या अनुभवाला आलं की ज्यांचा लिंगनिवडीशी काही संबंध नाही अशा बायकांनाही डॉक्टर दारातून परत पाठवू लागले. म्हणून आपण 'लिंगनिवड' म्हणा, 'लिंगनिदान' म्हणा, असा आग्रह धरतो. बाहेरच्यांना तो शब्दांचा कीस वाटतो. पण तालुक्याच्या दवाखान्यातून रिकाम्या हाताने परतणाऱ्या बाईला विचारा, शब्दाने काय होतं ते.

जिने दोन्ही विषय शिकले आहेत, तिच्याकडून मला एवढीच अपेक्षा आहे की घोषणा लिहिण्याआधी ती थांबेल आणि विचारेल, या वाक्यात कोणती कुटुंबव्यवस्था गृहीत धरली आहे? आणि याची शिक्षा कोणाला होईल?

खैरलांजी आणि बातमीची भाषा

दुसरं उदाहरण आठवून अजूनही अंगावर काटा येतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात खैरलांजी गावात एका दलित कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे यांना गावजमावाने ठार मारलं. पहिल्या बातम्यांमध्ये त्याला अनैतिक संबंधांचं प्रकरण म्हटलं गेलं. पोलिसांकडून आलेलं तसंच उतरवून घेतलं गेलं. जमिनीतून रस्ता मागण्याचा वाद, शिकणारी मुलगी, मान खाली न घालणारी आई, आणि गावातली जातीची उतरंड यातलं काही त्यात नव्हतं. सत्यशोधन समित्यांचे अहवाल आले, दलित समाज रस्त्यावर उतरला, तेव्हा कुठे महिन्याभराने मोठी वर्तमानपत्रं जागी झाली. २००८ साली खालच्या कोर्टाने शिक्षा दिल्या, पण अॅट्रॉसिटीचा कायदा लागू धरला नाही.

दलित बाईवरचा अत्याचार दडपायचा असला की 'चारित्र्य' हा शब्द पुढे केला जातो, हे ज्या वार्ताहराला शिकवलेलंच नाही तो पोलिसाचं वाक्य खरं मानून छापतो. आणि हे ज्या प्राध्यापकाला पाठ आहे तो ते तीन वर्षांनी इंग्रजी नियतकालिकात लिहितो. पहिल्या चार दिवसांत लिहायला हवं होतं, तेव्हा लिहिणारं कोणी नव्हतं.

नाव झाकायचं की छापायचं?

या दोन विषयांत खरी भांडणंही आहेत. त्यातलं एक आपल्या रोजच्या कामातलं आहे. समाजशास्त्र शिकवतं की माणसाचं, गावाचं नाव बदला, ओळख लपवा. पत्रकारिता शिकवते की नाव नसेल तर बातमीला किंमत नाही. मग खरं काय?

१९७२ साली देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात १९७८ साली सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडून दिलं. १९७९ साली चार कायदे-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि त्यातून देशभर आंदोलन उभं राहिलं. ते आंदोलन त्या मुलीच्या नावाने ओळखलं गेलं. १९८३ साली कायदा बदलला आणि बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख छापणं गुन्हा ठरलं. आजच्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ७२ आहे. ज्या आंदोलनामुळे ओळख झाकण्याचा कायदा आला, त्याची ओळख मात्र एका मुलीचं नाव हीच राहिली. म्हणून आज मी ते नाव घेतलेलं नाही.

आता याची दुसरी बाजू. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७पासून त्या 'पारी'च्या संग्रहात लोकांना ऐकायला मिळू लागल्या, गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, फोटो यांसकट. इथे समाजशास्त्राचा नियम लावून नाव बदललं असतं तर तो अन्याय झाला असता. पिढ्यान्पिढ्या बाईची निर्मिती बिननावाची राहिली, ती आता नावानिशी आली आहे. म्हणजे सोसलेल्याला आडोसा द्यायचा आणि घडवलेल्यावर नाव घालायचं. पण हाही सरधोपट नियम नाही. एखादी बाई सोसलेलं स्वतःच्या नावाने सांगू इच्छिते, तेव्हा तिला अडवणारे आपण कोण? हे तिच्याशी बोलून ठरवावं लागतं. एकत्र अभ्यासक्रमात यावर निदान एक पूर्ण सत्र खर्ची पडलं पाहिजे.

कोणत्या वर्गात कोण बसतं

आता जरा कडू बोलते. समाजशास्त्र हा आपल्याकडे बी.ए.चा अनुदानित विषय आहे. फी कमी, वर्ग मराठीत, आणि बाकांवर मुख्यतः मुली. त्यातल्या कित्येक घरातल्या पहिल्या कॉलेजात जाणाऱ्या. घरचे म्हणतात, लग्न ठरेपर्यंत शिकू दे. माध्यमांचे अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित आहेत. फी कितीतरी पट, मोठ्या शहरांत इंग्रजीचा जोर, कॅमेरा-लॅपटॉपचा खर्च वेगळा. परिणाम काय होतो? जिच्याकडे समाजाचा अनुभव आहे तिच्या हातात प्रश्नावली येते आणि जिच्याकडे पैसा आहे तिच्या हातात माइक. शेतमजुराची मुलगी पाहणी करते, आणि त्या पाहणीवर बोलतो दुसराच.

वर काय चित्र आहे तेही ऐका. २००६ साली दिल्लीतल्या ३७ माध्यमसंस्थांमधल्या निर्णय घेणाऱ्या ३१५ जणांची पाहणी अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी केली. त्यात एकही दलित किंवा आदिवासी सापडला नाही. स्त्रिया होत्या १७ टक्के. जगभरच्या बातम्यांची एका दिवसाची मोजणी १९९५पासून ठरावीक वर्षांनी होते. पहिल्या मोजणीत बातमीत दिसणाऱ्या, बोलणाऱ्या माणसांत स्त्रिया १७ टक्के होत्या, २०२० साली २५ टक्के. पंचवीस वर्षांत आठ टक्के. या वेगाने निम्म्यावर यायला किती वर्षं लागतील, तो हिशेब तुम्हीच करा.

मोबाइल आल्यावर हे बदललं असं म्हणतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के निघाले. स्वतः वापरते असा मोबाइल जवळपास निम्म्या बायकांकडेच होता. घरात फोन असणं आणि तो बाईच्या हातात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चूल कोणाची आणि किल्ली कोणाची, असं आपण विचारतो ना, तसंच आता फोन कोणाचा आणि पासवर्ड कोणाला माहीत, हे विचारावं लागतं.

'एकत्र' म्हणजे काय?

मुलींनो, आता तुमच्या अर्जाबद्दल. एप्रिल २०२२मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली. तासांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, अशी अट आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे मुख्य विषय आणि दुय्यम विषय ही रचना महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५पासून आली. म्हणजे कागदावर समाजशास्त्र मुख्य आणि संज्ञापन दुय्यम, किंवा उलट, असं घेता येऊ शकतं. पण तुमच्या कॉलेजात ते मिळेल का, हे त्या विषयाला शिक्षक आहे की नाही यावर ठरतं. रिकाम्या जागा भरल्या नाहीत तर विषयांची टोपली नावालाच भरलेली दिसेल. प्रवेश घेण्याआधी विचारा, हा विषय शिकवणार कोण? पूर्णवेळ की तासिकेवर?

दोन पदव्या शेजारी ठेवल्याने त्या जोडल्या जात नाहीत. सकाळी दुर्खीम आणि दुपारी कॅमेरा, मध्ये काहीच नाही, तर मुलगी फक्त दुप्पट दमेल. जोड-पदवी मी तिला म्हणेन जिच्यात निदान तीन गोष्टी आहेत. एक, दोन्ही विभागांच्या शिक्षकांनी मिळून शिकवलेला पेपर : माध्यमांची मालकी, बातमी कशी बनते, प्रेक्षक कोण. दोन, एकच प्रकल्प, ज्याचा अभ्यास समाजशास्त्राच्या शिस्तीने होईल आणि मांडणी लोकांना समजेल अशी होईल, मराठीत, रेडिओवर, चित्रफितीत किंवा भिंतीवर. तीन, परत देणं. ज्या वस्तीतून माहिती घेतली तिथे जाऊन ती वाचून दाखवायची, आणि बाया म्हणाल्या की हे चुकलं, तर दुरुस्त करायचं. या तिसऱ्या गोष्टीला गुण असले पाहिजेत, नाहीतर ती कोणी करणार नाही.

हे शक्य आहे का? विद्यापीठाबाहेर बायकांनी ते करून दाखवलं आहे. अहमदाबादच्या 'सेवा'ने १९८४ साली आपल्या सभासद बायकांच्या हाती व्हिडिओ कॅमेरा दिला. चित्रकूट भागात २००२ साली 'खबर लहरिया' सुरू झालं. ग्रामीण, त्यातही दलित बायकांनी स्वतः बातमी काढायची आणि आपल्या बोलीत लिहायची. तेलंगणात माचनूर गावी २००८पासून दलित शेतकरी बायका 'संघम रेडिओ' चालवू लागल्या. आपल्या साताऱ्यात म्हसवडला माणदेशी बायकांचा रेडिओ आहे. या बायका पदवी घेऊन आल्या नाहीत. पण गावात कोण कोणाच्या विहिरीवर जातं हेही त्यांना माहीत आहे आणि माइकसमोर काय बोलायचं हेही. विद्यापीठाने त्यांना अभ्यासाचा विषय करण्याआधी शिकवायला बोलवावं.

नोकरीचं काय?

हा प्रश्न तुमचे आईवडील विचारणार, आणि त्यांनी विचारलाच पाहिजे. मी गोड बोलणार नाही. वर्तमानपत्रांतल्या नोकऱ्या कंत्राटी झाल्या आहेत, पगार कमी आहेत. पण जोड-पदवीची मुलगी एकाच दारावर अवलंबून राहत नाही. आरोग्य आणि शिक्षणाच्या मोहिमांची आखणी, पाहणी आणि अहवाललेखन, संस्थांचं दस्तऐवजीकरण, बातम्यांची शहानिशा, माहितीपट, सामुदायिक रेडिओ, आणि पुढे शिकून अध्यापन, इतकी दारं आहेत. यातल्या काही मालकांना तुमचं समाजशास्त्र नको असेल, त्यांना फक्त गोड घोषणा लिहून हवी असेल. तेव्हा काय करायचं, ते ज्याची त्याची पोटाची गरज पाहूनच ठरेल, मी इथून उपदेश करणार नाही. पण काय लिहायला सांगितलं जातंय हे कळणं, हेही थोडं नाही.

'दोन्ही घेतलं तर एकही धड येणार नाही' असंही ऐकाल. तीन-चार वर्षांत दोन्ही शास्त्रांचा तळ गाठता येत नाही, हे खरं. पण एकच घेऊन तळ गाठलेले मी फार पाहिले नाहीत.

शेवटी कार्यकर्त्या मैत्रिणींना तीन कामं सांगते. तुमच्या तालुक्यातल्या कॉलेजात समाजशास्त्र बंद करायचा ठराव आला तर गप्प बसू नका. मुलींच्या हातातला तो स्वस्तातला आणि धारदार विषय आहे. दुसरं, माध्यमांचे अभ्यासक्रम अनुदानात आणा आणि मराठीतून शिकवा, ही मागणी आपल्या निवेदनांत घाला. आपण हुंडा, दारू, रेशन यांवर निवेदनं देतो, अभ्यासक्रमावर कधी देत नाही. तिसरं, तुमच्या कार्यालयात वर्षानुवर्षं साठलेल्या केसच्या फायली आहेत. अशी पदवी करणाऱ्या मुलींना बोलवा, गुप्ततेचे नियम आधी घालून द्या, आणि त्या फायलींतून काय दिसतं ते त्यांना मांडू द्या. तुमचं काम कागदावर येईल आणि त्यांचं शिक्षण खरं होईल.

मुलींनो, अर्जाची तारीख चुकवू नका. आणि 'विषय' या रकान्यात काय भरायचं ते घरच्यांशी बोला, शिक्षकांशी बोला, पण पेन आपल्या हातात ठेवा.